टायरवर ठेवून पाठवू नका, भाऊ

गाडीचं सुटं इंजिन नागपूरहून पुण्याला कसं पाठवायचं, असं विचारलंत. जुन्या टायरवर इंजिन ठेवून टेम्पोत टाका हा कुणीतरी दिलेला सल्ला गावातल्या गावात नेण्यापुरता ठीक. नागपूर ते पुणे 700 किलोमीटरला नाही. इंजिन खाली बसलं की भार ऑइल चेंबरवर, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यावर येतो आणि तो बऱ्याच गाड्यांत पातळ पत्र्याचा असतो. चेपला तर आतली ऑइल ओढायची जाळी तळाला टेकते, पंपाला ऑइल ओढता येत नाही, बेअरिंगं जातात. अन् हे कळतं इंजिन बसवून सुरू केल्यावर!

मी मारुती 800 चं पाठवलं तेव्हा लकडगंजातून, म्हणजे नागपूरच्या लाकूडबाजारातून जुन्या पॅकिंगची जाड लाकडं आणली. सागवान कशाला? दोन लाकडं आडवी, त्यावर उभे ठोकळे आणि इंजिन त्याच्याच माउंटिंगच्या ब्रॅकेटांवर (ज्यांवर ते गाडीत बसतं) बोल्टने टांगलं. चेंबर तळापासून चार बोटं वर. नुसते खिळे नकोत, हादऱ्याने सैल होतात. गिअरबॉक्स काढला असेल तर मागे त्याच्याच बोल्टांच्या भोकांत आधाराला लोखंडी पट्टी बोल्टने आवळा.

ऑइल, कूलंट आधी काढा. लाकडावर ऑइलचा डाग दिसला म्हणून माझा माल बुकिंगवाल्याने परत केला होता. इनटेकच्या (हवा आत जायच्या) तोंडात चिंध्या कोंबू नका, बसवताना राहून जातात. वरून टेप लावा.