मेअखेरीस सकाळची फेरी : मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटी आणि मलबार हिल

प्रश्न : मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वडिलांना घेऊन नाशिकहून मुंबईला येत आहे. त्यांचे वय बहात्तर असून सपाटीवर ते उत्तम चालतात, मात्र उतारावर त्यांचे गुडघे दुखतात. एकाच सकाळी समुद्र आणि बाग दोन्ही पाहता येतील, असा मार्ग कृपया सुचवावा.

प्रतिसाद १ : चर्चगेटला उतरून सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे सहा वाजता, मरीन ड्राइव्ह गाठावे आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालू लागावे. हा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळचे ऊन इमारतींच्या मागे अडते आणि कठड्यालगत बराच वेळ सावली मिळते. पुढे जिमखान्यांची मैदाने लागली की हा आडोसा संपतो, म्हणून तो टप्पा सात वाजायच्या आत ओलांडलेला बरा. चौपाटीपर्यंत साधारण अडीच किलोमीटर होतात. तिथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२० साली त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले ते याच वाळूवर. भेळेची गंमत संध्याकाळची, सकाळी मात्र चौपाटी खरोखर चालण्याजोगी असते.

तिथून टॅक्सीने मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कला जावे. तिथला म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराची वास्तू, मुलांसाठी असला, तरी तिथल्या सज्जातून आपण नुकताच चाललेला अर्धवर्तुळाकार किनारा सबंध दिसतो, आणि माझ्या मते फेरीतला सर्वांत देखणा क्षण तोच. समोरचे हँगिंग गार्डन जलाशयाच्या माथ्यावर वसवलेले आहे.

प्रतिसाद २ : वरील मार्गाशी सहमत आहे. फक्त टेकडीवरून चौपाटीकडे जाणाऱ्या उताराच्या सिरी रोडने पायी उतरण्याचा मोह टाळावा. आपल्या वडिलांसाठी तो योग्य नाही. त्याऐवजी मार्च २०२५ मध्ये खुला झालेला, सुमारे ४८५ मीटर लांबीचा उन्नत निसर्गमार्ग पाहावा. झाडांच्या शेंड्यांमधून जाणारी ही लाकडी वाट पायांना सुखाची आहे. प्रवेशाची वेळ ऑनलाइन आधीच राखून ठेवावी.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. मेअखेरीस फुले काही उरलेली असतात का? वडिलांना झाडांची फार आवड आहे.

प्रतिसाद १ : गुलमोहर अजून पेटलेला असतो, आणि ताम्हण सापडल्यास वडिलांना राज्यपुष्प अवश्य दाखवावे. दमटपणा फार असल्याने पाण्याची बाटली आणि एक कोरडा सदरा सोबत असू द्यावा.