प्रति: छिद्रं मोठी का नाही करत?
शरीरात दिलेल्या किरणोत्सारी औषधाचे किरण टिपतो तो गॅमा कॅमेरा. त्याच्यापुढे बारीक छिद्रांची शिशाची जाळी असते, तिला कोलिमेटर म्हणतात. तिच्याबद्दल विचारलंय: ‘छिद्रं मोठी केली तर स्कॅन लवकर उरकेल ना?’ उरकेल, पण चित्र पुसट येईल. आमच्या वर्ध्याकडे पोट्टे पपईच्या पोकळ देठातून पाहतात. देठ लांब अन् बारीक असला की दिसतं थोडंसंच, पण नेमकं. कोलिमेटरचं तेच. दहा हजारांत एखादाच गॅमा किरण पार होतो. व्यास दुप्पट केला तर साधारण चौपट.

खरी गोम छिद्रांमधल्या शिशाच्या भिंतींत आहे. टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे किरण १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे, त्यांना पातळ भिंत पुरते. आयोडीन-१३१ चे ३६४! तिथे पातळ भिंत ठेवली तर किरण आरपार घुसतात अन् चित्रात थायरॉइडभोवती खोटी चांदणी उमटते.

नागपूरला बाबांच्या हाडांच्या स्कॅनला कॅमेरा छातीला जवळजवळ टेकवला, तर बाबा घाबरले. पण अंतर वाढलं की बारकावे गेलेच.