दिव्याच्या पुढेही सांगा

परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेलची गोष्ट सांगताना लढाई, रोगराई लहान मुलांना सांगू नये, नुसती दिवा घेतलेली नाइटिंगेल पुरे, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ती ज्यात जखमींच्या शुश्रूषेला गेली त्या क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टायफस, कॉलऱ्यासारख्या रोगांनीच जास्त दगावले, हे पाच वर्षांच्या मुलालाही समजतं. आमच्या पंचवटीतल्या बालवाडीत हे ऐकल्यावर एका मुलीने लगेच विचारलं, ‘मग तिथे कोणी हात धुवायला लावत नव्हतं?’ तिथूनच पुढचा सगळा धडा निघाला.

दिव्याबद्दल एक. चित्रांत बहुधा समईसारखा दिवा दाखवतात. प्रत्यक्षात तिथे घडीचे तुर्की कंदील वापरत. रंगीत कागदाच्या चुण्या पाडून मुलं तो छान बनवतात, आकाशकंदिलाचा हात बसलेला असतोच!

आणि सावित्रीबाईंना कृपा करून वगळू नका. १८९७च्या प्लेगात त्यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुण्याबाहेरच्या दवाखान्यात पोचवलं, आणि त्याच साथीत त्या गेल्या. जागतिक परिचारिका दिन १२ मेचा, तेव्हा नाशिकच्या शाळांना सुट्टी. १० मार्चला, सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनी, हा विषय घ्या. लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरताईंनाही त्या दिवशी बोलवा, मुलांना त्यांना खूप काही विचारायचं असतं.