सोलापूरहून नेण्याजोगे घरगुती उत्पादन कोणते?

प्रश्न: पुढील आठवड्यात सोलापूरला येत आहे. चादरी घरात पुरेशा आहेत. येथील स्थानिक उत्पादकांचे, पुण्यात सहसा न मिळणारे खाद्यपदार्थ जाणकारांनी सुचवावेत.

प्रतिसाद १: शेंगा चटणीत ‘नसले’ या उत्पादकांचे नाव सर्वपरिचित आहेच, परंतु बचत गटांची चटणीही अवश्य घ्यावी. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरे व मीठ उखळात कुटले की दाण्यांना तेल सुटते आणि चटणी बोटांत दाबल्यास तिचा ओलसर गोळा होतो, तर मिक्सरमधून काढलेली बहुधा कोरडी, कुटासारखी भुरभुरीत राहते. (चटणी खाताना सोबत दही विसरू नये.)

प्रतिसाद २: सोबत कडक भाकरी घ्यावी. ज्वारीची ही पातळ भाकरी पाणी नसल्याने बरेच दिवस टिकते. मात्र मी एकदा ती पिशवीच्या तळाशी ठेवली आणि घरी पोहोचेपर्यंत तिचा चुरा झाला.

प्रतिसाद ३: मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पीठ न घेता धान्यच न्यावे, कारण ज्वारीचे पीठ जुने झाले की भाकरी थापताना तिला चिरा पडतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. भाकरी मांडीवर ठेवूनच आणीन.