कृष्णधवल: छटा शटर दाबायच्या आधी ठरवायच्या की नंतर?

महालकर:
रंगीत जमला नाही म्हणून रंग काढून टाकलेला फोटो लगेच ओळखू येतो. स्वतःची नजर हवी असेल तर छटा आधीच ठरवा. कॅमेरा मोनोक्रोमवर, 35 किंवा 50 मिमीची एकच लेन्स, तीन महिने. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर सगळ्याला मधली राखाडी समजतो, म्हणून नागपूरच्या दीक्षाभूमीचा पांढरा घुमट मळकट येतो. उन्हातल्या बाजूवर स्पॉट मीटर (तेवढ्याच जागेचा उजेड मोजणारा) लावून दीड ते दोन स्टॉप वाढवा; एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. हिस्टोग्राम, म्हणजे छटांचा आलेख, उजव्या कडेला चिकटला तर थोडं कमी करा.

इतवारी_रॉ:
एक्स्पोजरचं पटलं, बाकीचं नाही. नुसती मोनोक्रोम जेपेग ठेवली तर रंगांची माहिती कायमची गेली. कळमन्याच्या बाजारातला पानांसकट संत्र्यांचा ढीग घ्या. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्ये, नारंगीचा स्लायडर वर आणि हिरव्याचा खाली नेला की फळ उजळ, पान काळं. उलट केलं की दोन्ही एकाच राखाडीत बुडतात. मागे हमाल उभा असेल तर मात्र जपून, त्वचाही नारंगीतच मोडते. चेहरा उजळून चपटा होतो, तिथे तेवढाच भाग वेगळा धरणारा मास्क लागतो.

महालकर:
रॉ सोबत ठेवा ना, भाऊ, पण स्क्रीनवर राखाडीच बघा. स्लायडर आठ तऱ्हेने फिरतो म्हणून माणूस आठही करून बघतो, आणि त्यातला एकही त्याचा नसतो.

धरमपेठ_डार्करूम:
फिल्मवर लाल 25 फिल्टर (निळं आभाळ गडद करणारी लाल काच) लावला की तीन स्टॉप गेले आणि निर्णयही झाला. पण मे महिन्यात तो लावून उपयोग नाही. आभाळच धुळीनं पांढुरकं, गडद करायला निळं कुठाय? तो ऑक्टोबरात बाहेर काढा. आणि एचपी5 प्लस फिल्म, डी-76 डेव्हलपर 1:1 मध्ये (निम्मं पाणी) 11 मिनिटं, हे 20 अंश सेल्सिअसचं गणित आहे. उन्हाळ्यात नळाचं पाणी त्याहून कितीतरी गरम. तसंच वापरलं तर निगेटिव्ह जास्त डेव्हलप होते, प्रिंटमध्ये उजळ भाग कोरे पडतात. बाटल्या बर्फाच्या टबात ठेवा, फिक्सरची (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाची) सुद्धा.

इतवारी_रॉ:
म्हणजे फिल्टर हाही स्लायडरच, फक्त मागे फिरत नाही. महालकर, मे महिन्याची दुपार, वाड्याची पांढरी भिंत उन्हात, देवडीत अंधार. आधी काय ठरवाल?

महालकर:
भिंतीचा पोत धरायचा. देवडी पूर्ण काळी जाऊ द्यायची.

इतवारी_रॉ:
आणि देवडीत म्हातारी बसली असेल तर? बेस आयएसओवर (कॅमेऱ्याच्या मूळ संवेदनशीलतेवर) भिंत सांभाळून घेतलेल्या रॉमध्ये सावली दोन स्टॉप सहज उचलता येते. तो चेहरा मी काळा जाऊ देणार नाही.