रात्री नाइट व्हिजन लावून छऱ्याच्या बंदुकीने ससे मारणं: बंदोबस्त की नुसती शिकार?

रानवाट:
आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मराठीत रॅबिट आणि हेअर दोघांनाही ससाच म्हणतात त्यामुळे घोळ होतो. मी बोलतोय ते बिळं करून राहणाऱ्या युरोपियन सशाबद्दल, तेही जिथे तो शेतीची पीडा झालाय आणि मारायला कायद्याने मुभा आहे तिथे. भारतातला रानससा वेगळा, तो बिळात राहत नाही आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे, त्याचा इथे संबंध नाही.

आता माझं मत. चार वर्षं एका नातेवाइकाच्या भाजीच्या शेतात हे काम करतोय. सकाळी जाऊन बघावं तर कोवळी रोपं जमिनीपासून बोटभर उंचीवर तिरकी कापलेली, सुरीने छाटल्यासारखी. ससा दिवसा फारसा दिसत नाही, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चरतो, मग बंदोबस्तही रात्रीच करावा लागणार ना. टॉर्च मारली की एकदोनदा बसतो, नंतर शिकतो आणि उजेड दिसला की बिळात. नाइट व्हिजनच्या दिव्याचा इन्फ्रारेड प्रकाश त्याला दिसत नाही म्हणून तो निवांत खात असतो, मला घाई नसते, आणि घाई नसली की नेम चुकत नाही. डोक्यात छर्रा बसला की जागच्या जागी संपतो. विष, बिळात सोडलेला गॅस, नाहीतर मिक्सोमॅटोसिस हा सशांचा विषाणूजन्य रोग, यांच्याशी तुलना करा. त्या रोगाने डोळे सुजून बंद झालेला ससा मी रस्त्याकडेला बसलेला पाहिलाय, मी दोन हातांवर जाऊन उभा राहिलो तरी त्याला पत्ता नाही. असं मरायला त्याला दहा-बारा दिवस लागतात.

पाऊलखुणा:
तुम्ही मेलेल्या सशाचं सांगितलंत, बिळातल्यांचं कोण सांगणार? मादी पोटावरचे केस उपटून घरटं करते, पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात, ती घरट्याचं तोंड मातीने बंद करून जाते आणि दिवसाकाठी एकदाच येऊन काही मिनिटं दूध पाजते. बाकी रात्रीचा बराच वेळ बाहेर चरत असते, म्हणजे नेमकी तुमच्या स्क्रीनवर. ती आई आहे की नाही हे त्या हिरव्या-पांढऱ्या चित्रात कळतं का हो? तुमचा एक छर्रा स्वच्छ असेल पण त्यामागे मातीखाली चार-पाच जीव उपाशी मरतात, ते कुठल्याच हिशोबात येत नाहीत. मला याचा खरंच त्रास होतो.

रानवाट:
नाही कळत, मान्य. म्हणूनच मी म्हणतो की काम हिवाळ्यात करावं, वीण जोरात सुरू व्हायच्या आधी. तेव्हा गवत आखूड असतं, संख्या कमी असते, आणि तेव्हा कमी झालेली एक मादी म्हणजे पुढची कित्येक पिल्लं कमी. साधारण 30 दिवसांत विते आणि व्याल्यावर काही तासांत परत गाभण राहू शकते, उन्हाळ्यात मागे धावून काय उपयोग.

कोरडवाहू:
मी स्वतः मारतो, तरी रानवाट यांचं "नेम चुकत नाही" पटत नाही. रात्रीच्या स्कोपमध्ये सगळं सपाट दिसतं, 30 मीटर की 40 हे डोळ्याला उमगत नाही. ब्रिटनमध्ये साध्या एअर रायफलची मर्यादा 12 फूट-पाउंड, म्हणजे 16 जूलच्या आसपास. एवढ्या ताकदीत 5.5 मिलिमीटरचा छर्रा 30 मीटरला झिरो केला, म्हणजे त्या अंतरावर नेम जुळवून ठेवला असेल तर 40 ला पाच-सात सेंटिमीटर खाली जातो. सशाचा मेंदू केवढा, नाण्याएवढा. नेम डोक्यावर धरला आणि लागला जबड्यात, तो ससा बिळात जाऊन कितीतरी तास तडफडणार आणि तुम्हाला वाटणार हुकला. शिवाय मध्ये गवताची एक काडी आली तरी हलका छर्रा वळतो. रेंजफाइंडर म्हणजे अंतर मोजायचं यंत्र नसेल, मागे मातीचा उतार नसेल, ससा ओळखू आला नसेल, फक्त चमकणारे दोन डोळे दिसत असतील, तर बोट ट्रिगरवर जाताच कामा नये. डोळे मांजराचेही चमकतात.

जाळीदार:
मूळ प्रश्न असा की याने ससे कमी होतात का. थॉमस ऑस्टिनने 1859 ला ऑस्ट्रेलियात शिकारीसाठी जेमतेम दोन डझन ससे सोडले, मग बंदुका, फासे, विष सगळं झालं, 1901 ते 1907 मध्ये पश्चिम भागात हजारो किलोमीटर कुंपण घातलं, तरी आटोक्यात आले नाहीत, शेवटी 1950 ला मिक्सोमॅटोसिसचा विषाणू सोडावा लागला. एक माणूस रात्रभर बसून पाच-सहा मारणार, तेवढे आठवड्यात भरून निघतात. जाळी लावा. तीनएक सेंटिमीटरची भोकं, कमरेएवढी उंची, आणि खालचा भाग जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवायचा, ससा जाळीच्या पायाशीच उकरतो आणि त्या वळलेल्या भागावर अडतो. बरेच जण खालचं वळवतच नाहीत आणि मग जाळी वाया गेली म्हणतात.

माळावरची:
शिशाच्या छऱ्याबद्दल कोणी बोललं नाही. न सापडलेला जखमी ससा पुढे घार, कोल्हा खातो, शिसं त्यांच्या पोटात जातं. आणि हाच ससा स्पेन-पोर्तुगालमध्ये, त्याच्या मूळ घरी, धोक्यात आलाय, तिथला लिंक्स, म्हणजे एक मोठं रानमांजर, मुख्यतः त्याच्यावरच जगतो. प्राणी वाईट नाही, जागा चुकली आहे.

रानवाट:
कोरडवाहू, रेंजफाइंडरचं शंभर टक्के बरोबर. मी आता दिवसाउजेडी 25 आणि 30 मीटरवर खुंट्या ठोकून ठेवतो, त्यापलीकडचा ससा सोडून देतो. शिशाशिवायचे छर्रे वापरून बघेन, आधी कागदावर. जाळीदार, एक सांगा, आमच्याकडे बिळं शेताच्या बांधातच आहेत, म्हणजे जाळीच्या आत. त्यांचं काय?

जाळीदार:
मग आधी जाळी पूर्ण करा, बाहेरून नवे यायचे थांबले की आतले मोजकेच राहतात, ते हिवाळ्यात काढा. तिथे तुमच्या बंदुकीला माझा विरोध नाही.

पाऊलखुणा:
माझा आहे, पण निदान हिवाळा सरायच्या आत थांबा.

रानवाट:
थांबतो. मादीच्या पोटावर केस उपटलेले आणि सड ओले दिसले की त्या वर्षीचं काम त्याच रात्री बंद. गेल्या वर्षी असं दिसूनही मी आणखी दोन रात्री बसलो होतो.