मदत हवी आहे: बहिणीला 'नायर'मधे काम पक्कं मिळते म्हणतात, खरं आहे का? सोमवारच्या आत सांगा

दारव्हेकर
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. लहान बहीण एमएसले जाऊन राहिली, ॲडमिशन झालं, कन्सल्टन्सीवाला म्हणते की तिथं गेल्याबरोबर नायरमधे काम लागते, सगळ्याच पोरापोरींना लागते आणि फी पण त्याच्यातूनच निघून जाते. विद्यापीठाचीच संस्था आहे म्हणे, डिफेन्सचं आणि विमानाचं काम करते. घरचं सगळं या एका गोष्टीवर अडून आहे. सोमवारी माणसं येऊन राहिले, त्याच्या आधी हो का नाही ते कळलं पाहिजे. आत काम केलेल्या कोणी सांगितलं तर बरं. बाकी सल्ले नको, घरी तेच चालू आहे दिवसभर.

बडनेरा_पॅसेंजर
नायर म्हणजे मुंबईचं हॉस्पिटल ना? तिथं डिफेन्सचं काय काम? एमएस म्हणजे सर्जरीवालं एमएस का?

दारव्हेकर
अहो नाही हो. अमेरिका. इंजिनिअरिंगवालं.

कापूसकोंड्या
अमेरिका केवढी आहे भाऊ. कोणतं विद्यापीठ, कोणती ब्रँच, कधी जाणार, व्हिसा झाला का? आणि सोमवारी कोण येऊन राहिलं, स्थळ आहे का? स्थळ असल तर वेगळा धागा काढा.

दारव्हेकर
विचिटा, कॅन्सस. एरोस्पेस. ऑगस्टमधे जायचं. व्हिसाचा इंटरव्ह्यू बाकी आहे. स्थळ नाही. नायरबद्दल सांगा ना कोणी.

मोर्शीची_विचिटात
दादा, मी तिथंच एमएस केलं म्हणून लिहिते. नायर म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एव्हिएशन रिसर्च, विचिटा स्टेट युनिव्हर्सिटीची, १९८५ पासूनची. संस्था एकदम खरी आणि मोठी आहे, त्याची काळजी करू नका. ते शहरच विमानांचं आहे, सेसना आणि बीचक्राफ्ट तिथलेच, दुसऱ्या महायुद्धात बी-२९ बॉम्बर तिथं बनत होते. नायरमधे कॉम्पोझिट मटेरियलचे (धागे आणि राळ मिळून केलेलं) तुकडे ओढून, दाबून, तापवून तोडतात आणि किती लोडला तुटलं त्याची नोंद ठेवतात, त्या आकड्यांना अमेरिकेची एफएए, म्हणजे विमानांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, मान्यता देते. विमानाच्या सीटवर डमी बसवून आदळतात. अख्ख्या विमानाच्या सांगाड्यावर महिनोन्महिने लोड देत बसतात, भेग कुठं पडते ते पाहायला.

पण काम कोणाचं आहे त्याच्यावर सगळं अवलंबून असतं. विमान कंपन्यांचं असतं, एफएएचं असतं आणि लष्कराचं असतं. बी-१ बॉम्बर अख्खा खोलून त्याचं कॉम्प्युटरवर मॉडेल केलं, ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचं पण, तसल्या कामात आपल्याला दारातसुद्धा उभं करत नाहीत. इटार म्हणून शस्त्रांच्या निर्यातीचा कायदा आहे, त्याच्यात 'यूएस पर्सन' लागतो. म्हणजे तिथला नागरिक, ग्रीनकार्डवाला, नाहीतर आश्रय दिलेला. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाली पोरगी त्याच्यात बसत नाही. नुसतं ड्रॉइंग दाखवलं तरी ते परदेशात पाठवल्यासारखं धरतात, मग ती त्याच खोलीत बसलेली का असेना.

जे संशोधन उघड छापून येतं ते याच्यातून सुटतं, म्हणून मटेरियल टेस्टिंगसारख्या ठिकाणी परदेशी विद्यार्थी असतात. माझी रूममेट होती ना, पण तिला पहिल्या सेमला काही मिळालं नाही, प्रोफेसरच्या खूप मागे लागली तेव्हा दुसऱ्या सेमला घेतलं. आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करता येत नाही. तासावरच्या पगारात खोलीभाडं आणि किराणा निघतो, फी निघत नाही. फी माफ होते ती असिस्टंटशिपमधे, म्हणजे प्रोफेसरच्या हाताखाली शिकवायच्या नाहीतर संशोधनाच्या कामात, आणि ती पण सगळ्यात नाही. तिच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठानं दिलेल्या कागदावर, असिस्टंटशिपचा आकडा छापला आहे का तेवढं पाहा.

भद्रावती_कॉलनी
मी तर म्हणतो जायचंच काहून? आपल्याकडे काय कमी आहे? पुण्याला डीआयएटी आहे, संरक्षण तंत्रज्ञान शिकवणारी, डीआरडीओची. हैदराबाद विद्यापीठात स्फोटकांवर संशोधन करायला डीआरडीओनंच सेंटर काढून दिलं. गेट द्या, जेआरएफ म्हणजे संशोधनाची फेलोशिप लागली की महिन्याला ३७ हजार आणि घरभाडं वेगळं. आणि आपल्या विदर्भातच पाहा, आंबाझरीले पिनाकाचे रॉकेट, भंडाऱ्याले बारूद, आमच्या चांदा फॅक्टरीत दारूगोळा. मी आयुष्य काढलं तिथं, पोरं शिकली, घर झालं.

मोर्शीची_विचिटात
काका, ती बरोबरच आहे गोष्ट, पण तिचं ॲडमिशन झालेलं आहे आणि विचारलं ते वेगळं आहे.

कापूसकोंड्या
काका, २०२१ पासून त्या फॅक्टऱ्या कंपन्या झाल्या, ४१ च्या ७ केल्या. तुमच्या वेळची भरती आता कुठं राहिली? पोरं ॲप्रेंटिस करून घरी बसून राहिले.

भद्रावती_कॉलनी
कंपन्या झाल्या म्हणून तोफा बंद झाल्या का? आणि मी पगाराचं नाही बोलून राहिलो, मानाचं बोलून राहिलो. तिकडं आपल्या पोरीले दारातून वापस करते म्हणता, मग कशाले जायचं तिथं?

बडनेरा_पॅसेंजर
डीआरडीओ तरी कोण्या अमेरिकन पोट्ट्याले आत घेते का? सगळीकडे सारखंच आहे ते.

अवकाश_वेडा
अशा संस्था तिकडे खूप आहेत. अटलांटाला जॉर्जिया टेकची जीटीआरआय १९३४ पासून, ओहायोत डेटन विद्यापीठाची आहे, हवाईदलाच्या तळाजवळ. सगळ्यात भारी जॉन्स हॉपकिन्सची एपीएल, १९४२ ला महायुद्धात तोफगोळ्याचा प्रॉक्झिमिटी फ्यूज (लक्ष्याजवळ येताच गोळा फोडणारा) करायला काढली आणि आज तेच लोक यानं बनवतात. न्यू होरायझन्स प्लूटोजवळून गेलं ते त्यांचं. सप्टेंबर २०२२ मधे डार्ट यान डिमॉर्फोस नावाच्या छोट्या लघुग्रहावर आदळवलं, त्याची मोठ्या लघुग्रहाभोवतीची प्रदक्षिणा अर्ध्या तासाच्या वर कमी झाली!! विचार करा!!

दारव्हेकर
छान आहे पण मले काय त्याचं.
ताई, आय-२० काढून पाहिला. असिस्टंटशिपच्या जागी काही नाही. पर्सनल फंड्समधे रक्कम टाकली आहे. कन्सल्टन्सीवाला म्हणते ते सगळ्यांचं तसंच असते, तिकडे पोचल्यावर ॲड होते.

ब्यांकेतला_माणूस
पर्सनल फंड्स कुठून दाखवले? लोन असेल तर सॅंक्शन लेटर लागतं. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय होतं, त्याच्या वर घर नाहीतर एनए प्लॉट मागतात. शेतजमीन सहसा घेत नाहीत, कारण कर्जवसुलीचा सरफेसी कायदा शेतीला लागू नाही, वसुलीला हात लावता येत नाही. तुमचं लोन कोणत्या ब्यांकेचं आहे? आणि सोमवारचं अजून सांगितलं नाही तुम्ही.

दारव्हेकर
लोन नाही. तीन एकर ओलिताचं विकून राहिलो, पहिल्या वर्षाचं तेवढ्यात होते. दुसऱ्या वर्षाचं नायरमधून असा हिशेब होता. सोमवारी इसार.

कापूसकोंड्या
हे पहिल्या पोस्टमधे लिहायचं होतं ना राजेहो!!

ब्यांकेतला_माणूस
मग इसार घेऊच नका अजून. व्हिसा तर झाला नाही. नाकारला तर शेत पण गेलं आणि ॲडमिशन पण. आणि व्हिसाच्या खिडकीत "नायरमधे काम करून फी भरणार" असं तिनं चुकूनही बोलू नये, नोकरीच्या भरवशावर येणाऱ्याला ते लोक परत पाठवतात. शेत वडिलोपार्जित आहे का? असेल तर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलीचा बरोबरीचा हक्क आहे, तिची सही लागेल.

दारव्हेकर
सही देते ती, तिचा प्रश्न नाही. तीच म्हणून राहिली विकू नको म्हणून. मीच मागे लागलो आहे.

वरुड_संत्रा
शिष्यवृत्ती पाहिली का, राजर्षी शाहू परदेशवाली? माझ्या भाच्यानं भरला होता फॉर्म.

मोर्शीची_विचिटात
त्याला जागतिक रँकिंगची अट आहे, विचिटा स्टेट त्याच्यात बसत नाही. दादा, तुम्ही दोन कामं करा. कन्सल्टन्सीवाल्याला म्हणा, काम पक्कं आहे ना, मग लेटरहेडवर लिहून दे. आणि बहिणीला एरोस्पेस डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट को-ऑर्डिनेटरला सरळ मेल करू द्या, की एफ-१ वाल्यांना कोणत्या लॅबमधे घेतात आणि पहिल्या सेमला घेतात का. उत्तर देतात ते लोक. तिनं बीईला प्रोजेक्ट कशावर केला होता? कॉम्पोझिट किंवा फायनाइट एलिमेंटवर (कॉम्प्युटरवर ताण काढायची पद्धत) असेल तर ते मेलमधे वरतीच टाका.

भद्रावती_कॉलनी
ओलिताचं शेत विकू नये बाप्पा. एवढंच म्हणतो.

दारव्हेकर
मेल केला तिनं रात्रीच, प्रोजेक्ट काचेच्या धाग्याच्या कॉम्पोझिटवर होता म्हणते. कन्सल्टन्सीवाला लिहून देत नाही, म्हणे आमची तशी पद्धत नाही, तोंडी सांगितलं ते पुरे आहे. घेणाऱ्याले फोन करून सांगितलं व्हिसा झाल्यावर बोलू, तो चिडला. बाबा वेगळे चिडून आहेत.
ताई तुमच्या रूममेटला कोणत्या लॅबमधे घेतलं होतं, नाव सांगता का?

वरुड_संत्रा
दारव्हा तालुक्यात कोणत्या शिवारात आहे शेत? विहीर आहे का कॅनॉलचं पाणी? एकरी काय सांगून राहिले? व्यनि करा.